खासगी विमानातील नोकरी : फी भरण्याआधी धंदा समजून घ्या

‘हवाई सुंदरी’ हा शब्द घरात उच्चारला की आपल्याकडे दोनच उत्तरे ऐकू येतात. एक तर ‘आपल्या घरात हे चालणार नाही’ असे म्हणून विषय तिथेच मिटवला जातो. नाहीतर शहरातल्या एखाद्या चकचकीत क्लासची भरमसाट फी भरून मुलीला किंवा मुलाला तिकडे धाडले जाते. दोन्ही उत्तरे देणाऱ्यांना त्या कामात नेमके काय करावे लागते हे ठाऊक नसते. दुकानात पाच हजारांचा माल भरताना आपण तो उलटापालटा करून पाहतो, चार ठिकाणी भाव विचारतो, उधारीची मुदत ठरवून घेतो. मुलांच्या रोजीरोटीचा सौदा मात्र ऐकीव गोष्टींवर करतो.

आता यात खासगी जेट विमानांची भर पडली आहे. दुबई, अबुधाबी, रियाध, दोहा या शहरांतून श्रीमंतांची, कंपन्यांची आणि राजघराण्यांची विमाने रोज उडतात. अबुधाबीची रॉयल जेट २००३ पासून आणि कतार एअरवेजची कतार एक्झिक्युटिव्ह २००९ पासून याच धंद्यात आहे. या विमानांत पाहुण्यांची व्यवस्था पाहणारा माणूस लागतो. पगार चांगला, जग पाहायला मिळते, मोठ्यांच्या ओळखी होतात, अशी वर्णने कानावर पडली की आखाताशी तीन पिढ्यांचा संबंध असलेल्या कोकणातील घरांतही हा विषय निघणारच.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ही नोकरी रूपाची नाही, हुन्नराची आहे. ज्याच्या हातात हुन्नर असेल त्याने तिच्या वाटेला जरूर जावे. पण जाण्यापूर्वी शिकण्याचा क्रम, दारूबाबतची अट आणि नोकरीचा करार या तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. यातली एकही कच्ची राहिली तर पैसा, वेळ आणि मनाची शांती तिन्ही जाण्याचा धोका आहे.

पहिली माणसे कोण होती?

हवाई प्रवासातील पहिला परिचारक पुरुष होता. हाइनरिश कुबिस या जर्मन माणसाने १९१२ मध्ये झेपेलिन हवाई जहाजावर काम सुरू केले. त्याआधी तो युरोपातील नामांकित हॉटेलांत वाढप्याचे काम करीत असे. १९३७ मध्ये अमेरिकेत हिंडेनबर्ग हे हवाई जहाज पेटले तेव्हा तो त्यावर मुख्य परिचारक होता. प्रवाशांना खिडक्यांतून उड्या मारायला लावून तो स्वतःही वाचला. पहिली महिला एलन चर्च ही शिकलेली नर्स होती. तिने १५ मे १९३० रोजी बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानात काम सुरू केले. तिच्याबरोबर नेमलेल्या इतर सात जणीही नर्सच होत्या.

म्हणजे या पेशाची सुरुवात एका वाढप्याने आणि आठ नर्सनी केली. ‘सुंदरी’ हा शब्द पुढे जाहिरातवाल्यांनी लोकप्रिय केला आणि त्याने आपल्या समाजाचे दुहेरी नुकसान केले. सभ्य घरांनी त्या शब्दाकडे पाहून तोंड फिरवले आणि भोळ्या मुलामुलींना वाटले की उंची, गोरा रंग आणि इंग्रजीची दहा वाक्ये एवढ्यावर भागते.

विमानात काम काय असते?

मोठ्या कंपनीच्या प्रवासी विमानात आठ-दहा परिचारक असतात आणि जेवण भरलेल्या ट्रॉल्या तयार येतात. खासगी जेटमध्ये बहुधा एकच माणूस असतो आणि सगळे त्यालाच करावे लागते. पाहुण्यांच्या आवडीनिवडी आधी विचारून घेणे, जेवण कुठून मागवायचे ते ठरवणे, उड्डाणाच्या दोन-तीन तास आधी विमानावर हजर राहून माल मोजून घेणे, बर्फापासून वर्तमानपत्रापर्यंत सर्व भरणे, वाटेत जेवण गरम करून चिनी मातीच्या ताटात मांडणे, बिछाने घालणे, उतरल्यावर भांडी-चादरी धुवायला देणे, केबिन पुसणे आणि शेवटी झालेल्या खर्चाच्या पावत्या ऑफिसला देणे. लग्नाच्या दावतीत आचारी, वाढपी, भांडीवाला आणि हिशेबनीस ही चार माणसे जे करतात ते इथे एकटा करतो. तेही एका चिंचोळ्या जागेत आणि हलत्या विमानात.

यात आचाऱ्याचे ज्ञान फार लागते. उंचीवर हवा कोरडी असते आणि जिभेला मीठ-साखर कमी जाणवते. म्हणून जमिनीवर ठीक लागणारा पदार्थ वर अळणी वाटतो. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधल्या तापमानात फार वेळ राहिले की त्यात जंतू वाढतात. त्यामुळे ते झटपट थंड करून ठेवणे आणि नंतर पुरते गरम करणे ही जबाबदारी असते. दोन्ही वैमानिकांना शक्यतो वेगवेगळे जेवण द्यायचे, म्हणजे एकाचे पोट बिघडले तरी दुसरा विमान उतरवू शकतो. ग्लोबल ७५०० सारखे जेट ७,७०० नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे १४,२६० किलोमीटर, न थांबता उडू शकते. असा प्रवास चौदा-पंधरा तासांचा होतो आणि त्यात दोन-तीन वेळा वाढावे लागते.

याहून मोठे काम सुरक्षेचे. आग विझवणे, धूर झाल्यास मुखवटा चढवणे, दार उघडून माणसे बाहेर काढणे, पाण्यावर उतरावे लागले तर तराफा सोडणे, कोणाचे हृदय बंद पडले तर छाती दाबून ते चालू करण्याची खटपट करणे, हे सारे हाताला सवयीचे असावे लागते. धोकाही खरा आहे. ११ मार्च २०१८ रोजी शारजाहून इस्तंबूलला निघालेले एक खासगी जेट इराणात डोंगरावर कोसळले आणि ८ प्रवाशांसह ३ कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. पालकांनी ही बाजूही मनात ठेवावी.

तिसरे काम तोंड बंद ठेवण्याचे. विमानात काय बोलले गेले, कोण कोणाबरोबर होते, हे घरीही सांगायचे नसते. तसा लेखी करार केला जातो. आपल्याकडे अमानत हा शब्द आहे. ज्याला तो समजतो त्याला ही अट जड जाणार नाही. पण ज्याला प्रत्येक ठिकाणचा फोटो मोबाइलवर टाकल्याशिवाय चैन पडत नाही त्याने या धंद्यात पडू नये.

नोकरी देतो कोण?

एक कायदेशीर गोष्ट क्लासवाले सांगत नाहीत. अमेरिका आणि युरोपच्या नियमांत १९ किंवा त्याहून कमी आसनांच्या विमानात परिचारक असलाच पाहिजे असे बंधन नाही. बहुतेक खासगी जेट याच मापाची असतात. ग्लोबल ७५०० किंवा गल्फस्ट्रीम जी६५० यांसारख्या मोठ्या जेटमध्येही १९ पर्यंतच प्रवासी बसतात. म्हणजे मालक परिचारक ठेवतो तो पुष्कळदा कायद्यासाठी नव्हे, आपल्या सोयीसाठी. लहान जेटमध्ये तर तो ठेवतच नाही. वैमानिकच सँडविचचा डबा दाखवून देतात. याचे दोन परिणाम होतात. जागा मुळातच थोड्या असतात आणि ज्याला घ्यायचे तो तयार माणूस घेतो. नवशिक्याला शिकवत बसायला त्याला वेळ नसतो.

म्हणून बारावी झाली, क्लास केला आणि थेट खासगी जेटमध्ये लागलो, असे क्वचितच घडते. वाट अशी आहे : प्रथम चांगल्या हॉटेलात वाढप किंवा स्वयंपाकघराचे काम वर्ष-दोन वर्षे, मग प्रवासी विमान कंपनीत काही वर्षे आणि त्यानंतर खासगी जेट. दुसरी वाट नर्सिंगची. रुग्णांना नेणाऱ्या हवाई रुग्णवाहिकांत वैद्यकीय माणसे लागतात आणि एलन चर्चचा वारसा खऱ्या अर्थाने तिथे चालतो. नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या मुलींनी या बाजूचा विचार अवश्य करावा.

प्रवासी कंपनीच्या अटी उघड असतात. एमिरेट्सचे उदाहरण घ्या. वय २१ पूर्ण, उंची किमान १६० सेंटीमीटर, टाचा उचलून २१२ सेंटीमीटरपर्यंत हात पोहोचणे, बारावीपर्यंतचे शिक्षण, इंग्रजी आणि पाहुण्यांच्या सेवेचा किमान एक वर्षाचा अनुभव. या यादीत कोणत्याही क्लासचे प्रमाणपत्र नाही. विमानाच्या प्रकाराप्रमाणे लागणारे सुरक्षेचे प्रशिक्षण विमान चालवणारी कंपनी आपल्या माणसाला निवडीनंतर देते. क्लासमध्ये बोलणे-चालणे सुधारत असेल तर तेवढ्यापुरती फी द्यावी. पण ते प्रमाणपत्र म्हणजे विमानात चढण्याचा परवाना आहे असे कोणी सांगितले तर उठून घरी यावे. कर्ज काढून, दागिने गहाण ठेवून अशी फी भरणाऱ्या कारागीर बांधवांना आमचे कळकळीचे सांगणे आहे की त्याच पैशात सरकारी हॉटेल व्यवस्थापन संस्थेचा अभ्यासक्रम आणि प्रथमोपचाराचे शिक्षण पाहावे. विमानाची नोकरी मिळाली नाही तरी ते शिक्षण वाया जाणार नाही.

दारूचा प्रश्न

आता ज्या प्रश्नावर आपल्याकडे कुजबुज होते तो उघड मांडू. दारू पिणे जसे मना, तसे ती दुसऱ्याला वाढणेही मना, हे आपल्या घरात लहान मुलालाही माहीत असते. आणि खासगी जेटमध्ये पाहुणा बहुतेक वेळा दारू मागतो. यावर ‘नंतर पाहू’ हे उत्तर चालणार नाही.

अमेरिकेतील एक प्रकरण बोलके आहे. तिथल्या एक्सप्रेसजेट या विमान कंपनीत परिचारिका असलेल्या एका मुस्लिम महिलेने दारू वाढण्यापासून सूट मागितली. वरिष्ठांच्या सांगण्यावरून काही काळ सोबतची सहकारी ते काम करीत होती. मग एका सहकाऱ्याने तक्रार केली आणि ऑगस्ट २०१५ मध्ये त्या महिलेला बिनपगारी रजेवर पाठवण्यात आले. प्रकरण न्यायालयात गेले. २०२० मध्ये संघीय अपील न्यायालयाने तिच्या विरुद्धचा निकाल कायम ठेवला. हा वाद कंपनी आणि कामगार संघटना यांच्यातील कराराचा आहे आणि तो त्याच यंत्रणेत सोडवावा, असे त्याचे कारण होते. धार्मिक स्वातंत्र्याचा डंका वाजणाऱ्या देशात, विमानात दुसरी परिचारिका हजर असताना ही गत झाली. खासगी जेटमध्ये दुसरे कोणी नसतेच. तिथे ‘हे काम सहकारी करील’ असे म्हणण्याची सोयच नाही.

तेव्हा अर्ज करण्यापूर्वीच बाजू निवडावी लागेल. सौदिया, कुवेत एअरवेज आणि रॉयल ब्रुनेई या प्रवासी कंपन्या विमानात दारू देत नाहीत. अनुभव घ्यायचा तर तिथून घेता येतो. खासगी विमानांतही असे मालक आहेत ज्यांच्या विमानात बाटली ठेवली जात नाही. हवाई रुग्णवाहिकेत हा प्रश्न उद्भवत नाही. मुलाखतीतच स्पष्ट आणि अदबीने सांगावे की मी हे काम करणार नाही. नोकरी गेली तर जाऊ द्यावी. लपवून नोकरी घेणे आणि महिन्याभराने हवेत असताना नकार देणे यात मालकाचीही फसवणूक आहे. धंद्यात मालाचा दोष आधी सांगावा हा आपला रिवाज. तोच इथे लागू पडतो. आणि जर कोणाला या अटीवर एकही जागा मिळत नसेल, तर ‘ही रोजी माझ्यासाठी नाही’ असे म्हणण्यात कमीपणा नाही.

मुलींबद्दल आणि कराराबद्दल

मुलीने एकटीने परदेशी राहून, रात्री-अपरात्री प्रवास करून हे काम करावे की नाही, याचा निर्णय प्रत्येक घराने आपापल्या आलिमांना विचारून घ्यावा. आम्ही इथे फक्त एवढेच म्हणू की मुलीला विचारल्याशिवाय आणि कामाची माहिती घेतल्याशिवाय दिलेला नकारही घाईचाच असतो. हेच काम मुलेही करतात आणि हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत तयार झालेली आपली मुले त्यात कमी पडणार नाहीत. रत्नागिरीकडचे आपले पूर्वज इंग्रजांच्या आगबोटींवर सारंग आणि खलाशी म्हणून गेले, वर्षवर्ष घराबाहेर राहिले आणि त्यांच्या पैशावर गावांत माडीची घरे उभी राहिली. त्याच बोटींवर पाहुण्यांच्या खाण्यापिण्याचे काम गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांच्या हाती होते. ते हुन्नर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. पाहुण्याची खिदमत करणे हलके काम आहे असे मानून आपण मात्र मागे राहिलो.

या पेशात स्त्रियांना काय सोसावे लागले तेही माहीत असावे. एअर इंडियाच्या नियमाप्रमाणे एकेकाळी हवाई सुंदरीला ३५ व्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास, किंवा पहिल्या गरोदरपणी नोकरी सोडावी लागे. नर्गिस मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये गरोदरपणाची अट रद्द केली; लग्नाची अट मात्र तेव्हा कायम ठेवली. सांगायचे एवढेच की अशा अटी नियमावलीच्या कोपऱ्यात बसलेल्या असतात आणि सही झाल्यावर दिसतात.

म्हणून करार वाचावा, समजत नसेल तर वकिलाला दाखवावा. पगार महिन्याचा की उडालेल्या दिवसाचा? उड्डाण नसेल त्या दिवशी काय? मुक्कामाला स्वतंत्र खोली मिळणार का? विमा किती? दोन तासांच्या निरोपावर हजर व्हायचे असेल तर सलग सुट्टी केव्हा? संयुक्त अरब अमिरातीचा कामगार कायदा (२०२१ चा ३३ क्रमांकाचा) फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून वसूल करायचा नाही, कामगाराची कागदपत्रे अडकवून ठेवायची नाहीत, लैंगिक छळास मनाई आहे आणि चाचणीचा काळ सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. आपल्याकडून माणसे पाठवणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असावी लागते. ती सरकारच्या ई-मायग्रेट यंत्रणेत तपासता येते. ‘आधी भेटीच्या व्हिसावर चला, तिथे गेल्यावर जेटची नोकरी देतो’ असे म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. मुलीच्या बाबतीत तर ही खबरदारी दुप्पट घ्यावी.

व्यापाऱ्यांसाठी दुसरी बाजू

हा लेख व्यापाराच्या पानावर का, असे कोणी विचारील. विमानात एक माणूस नोकरी करतो, पण त्याच्या मागे जमिनीवर दहा जणांचा धंदा चालतो. मुंबई विमानतळावर खासगी विमानांसाठी वेगळे टर्मिनल आहे. दिल्लीला ते सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाले. प्रत्येक उड्डाणाला जेवण, फुले, फळे, धुलाई, चादरी, टॉवेल लागतात. आखाताकडचा पाहुणा असेल तर हलाल जेवणाची खात्री लागते. परिचारक हा माल अशाच दुकानदाराकडून घेतो जो सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या मापाच्या डब्यात, तारीख-वेळ लिहून देतो आणि पक्की पावती देतो. आपल्या बावर्चींच्या हाताला चव आहे यात शंका नाही. पण अन्नसुरक्षा खात्याचा परवाना, थंड साखळी आणि पक्के बिल या तीन गोष्टींत आपली गाडी अडते. ती अडचण दूर केली तर विमानच कशाला, हॉटेले आणि इस्पितळेही गिऱ्हाईक होतील.

कारागिरांनी एक भेद ध्यानात ठेवावा. विमानाच्या आसनाचे चामडे, पडदे, गालिचा हे आगीच्या चाचणीत उतरावे लागतात आणि त्याचे प्रमाणपत्र असल्याशिवाय विमानात बसवता येत नाहीत. साध्या कारखान्याने त्याची ऑर्डर घेऊ नये. पण भरतकामाचे नॅपकिन, जेवणाची यादी ठेवायचे चामडी पाकीट, भेटीचे डबे अशा सुट्या वस्तूंत आपल्या हातांना वाव आहे.

निर्णय कसा घ्यावा

ज्या घरात हा विषय निघाला असेल त्यांनी मुलाला किंवा मुलीला आधी सहा महिने एखाद्या चांगल्या केटरर्सकडे किंवा हॉटेलात कामाला लावून पाहावे. पहाटे चारला उठून भांडी मोजताना, उर्मट गिऱ्हाइकाला हसतमुखाने उत्तर देताना आणि रात्री हिशेब जुळवताना जो टिकेल त्याच्यात या धंद्याचे बीज आहे असे समजावे. जो टिकणार नाही त्याची फी वाचली. टिकलेल्याने मग प्रथमोपचार शिकावा, इंग्रजीबरोबर अरबी बोलायला शिकावी, दारूबाबतची आपली अट कागदावर लिहून ठेवावी आणि मगच अर्ज करावा. अशा तयारीने गेलेला माणूस खासगी जेटपर्यंत पोहोचला नाही तरी रिकाम्या हाताने परतणार नाही. त्याच्या हातात एक हुन्नर असेल आणि डोक्यावर कर्ज नसेल.